जैतापूरचा अणुवीज प्रकल्प : गाळा घ्यावा की थांबावे?

राजापूर तालुक्यातील एका वाचक बांधवांचे पत्र आमच्याकडे आले आहे. होडीला लागणारे सामान विकण्याचा त्यांचा लहानसा धंदा आहे. दोर, शिसे, जाळ्याचे बोये, रंग, नटबोल्ट असा माल ते ठेवतात. धाकटा भाऊ आखातात आहे. भावाने पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम आणि घरातले थोडे सोने मोडून जैतापूरच्या रस्त्यावर दोन गाळे घ्यावेत, असा घरात विचार चालला आहे. आता अणुवीज प्रकल्पाचे काम सुरू होणार, मग या रस्त्यावर हातभर जागासुद्धा मिळणार नाही, असे दलाल सांगतो. हे खरे आहे का आणि पैसा घालावा का, असे त्यांनी विचारले आहे.

असे प्रश्न एकट्या राजापुरातूनच येतात असे नाही. मोठ्या प्रकल्पाचे नाव निघाले की किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात हीच चर्चा सुरू होते. म्हणून या पत्राला दोन ओळींचे उत्तर न देता, असा प्रकल्प म्हणजे नेमके काय, तो समुद्रालाच का चिकटतो, त्यात लहान धंदेवाल्याला काय मिळते आणि त्याचे काय जाते, हे आम्ही जरा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम प्रकल्पाची हकीकत. नाव जैतापूरचे असले तरी जागा माडबनच्या सड्यावर आहे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरलीवाडा या गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली गेली. खाडीच्या दुसऱ्या काठावर साखरीनाटे हे मच्छीमारांचे मोठे गाव आहे आणि तेथील बहुतेक वस्ती आपल्या मुस्लिम बांधवांची आहे. याच खाडीतून पूर्वी राजापूरचा व्यापार चालत असे. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरात वखार घातली होती, आणि जैतापूर हे त्या व्यापाराचे समुद्रावरचे दार होते. तेव्हा हा मुलूख ओसाड होता व प्रकल्पामुळेच त्याला भाग्य लाभणार आहे, असे कोणी सांगितले तर ते अर्धवट माहितीवर आधारलेले समजावे.

केंद्र सरकारने २००५ साली या जागेला तत्त्वतः मंजुरी दिली. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेण्यात आली आणि २०१० पर्यंत ती सरकारच्या ताब्यात गेली. त्या वेळी देऊ केलेला भाव इतका कमी होता की बहुसंख्य खातेदारांनी धनादेश घेण्याचेच नाकारले. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने ३५ अटी घालून परवानगी दिली. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि फ्रान्सची अरेवा कंपनी यांच्यात करार झाला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅट. एवढ्या क्षमतेचे अणुवीज केंद्र आज जगात कोठेही नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. किनाऱ्यावर आधीच विरोध होता, तो पेटला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावचा एक तरुण मच्छीमार मरण पावला. या लेखात आकडे आणि कायदे बरेच येणार आहेत. ते वाचताना त्या घरची आठवण वाचकांनी मनात ठेवावी.

पुढे २०१३ साली राज्य सरकारने मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपये केला, म्हणजे गुंठ्याला साधारण बावीस-तेवीस हजार. त्यानंतर पुष्कळ खातेदारांनी पैसे उचलले. पण काम सुरू झाले नाही. अरेवा कंपनी स्वतःच तोट्यात बुडाली आणि तिचा भट्ट्या बांधण्याचा व्यवसाय २०१७ अखेर फ्रान्सच्या ईडीएफ या सरकारी वीज कंपनीकडे गेला. मार्च २०१८ मध्ये ईडीएफशी नवा करार झाला, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने आपला तांत्रिक व आर्थिक प्रस्ताव दिला, आणि दर, कर्ज व नुकसानभरपाईची जबाबदारी यांवर घासाघीस चालू राहिली. २००५ ची मंजुरी धरली तर वीस वर्षे उलटून गेली. २०२५ संपेपर्यंत माडबनच्या सड्यावर भट्टीच्या पायाचे काँक्रीट पडलेले नव्हते.

मग दलाल आत्ताच का बोलू लागला? त्यालाही कारण आहे. भारताच्या २०१० च्या अणुदायित्व कायद्यात असे कलम होते की सदोष यंत्रामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणारी कंपनी भरपाई दिल्यावर यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुली करू शकेल. परदेशी कंपन्यांना हे कलम खुपत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा या दोन्हींची जागा घेतली, खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि वसुलीचे ते कलम जसेच्या तसे राहू दिले नाही. तेव्हा फ्रेंच कंपनीची एक मोठी हरकत दूर झाली असे म्हणता येईल. पण हरकत दूर होणे आणि काम सुरू होणे यांत किती अंतर असते, ते पुढे पाहू.

समुद्र कशाला लागतो?

अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी तापवण्याचा बंब आहे, हे एकदा लक्षात आले की बाकीचे समजणे सोपे जाते. युरेनियमचे अणू फुटून उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने तापलेले पाणी एवढ्या दाबाखाली ठेवतात की तीनशे अंशांवर जाऊनही ते उकळत नाही. घरातला प्रेशर कुकर जे तत्त्व वापरतो, तेच येथे शेकडो पटींनी मोठे समजावे. हे पाणी दुसऱ्या बंद नळांतल्या पाण्याला उष्णता देते, त्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि वीज निघते. येथपर्यंत समुद्राचा संबंध येत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. हे थंड करण्याचे काम समुद्राचे पाणी करते. ते तिसऱ्या, वेगळ्या नळांतून येते आणि तापून परत समुद्रात जाते.

आता हिशेब पाहा. जैतापूरच्या एका भट्टीत सुमारे ४,५९० मेगावॅट उष्णता निर्माण होणार आणि त्यातून १,६५० मेगावॅट वीज निघणार. म्हणजे साधारण तीन रुपयांची उष्णता तयार केली तर एक रुपयाची वीज हाती येते आणि जवळजवळ दोन रुपयांची उष्णता समुद्रात सोडावी लागते. सहा भट्ट्या चालू झाल्या तर दिवसाला सुमारे ५२ अब्ज लिटर पाणी समुद्रातून आत घ्यायचे आणि कोमट करून परत सोडायचे, असा हा व्यवहार आहे. नदीकाठी एवढे पाणी मिळणे कठीण, म्हणून असे मोठे केंद्र समुद्राकडे येते. तारापूर समुद्रावर आहे, तामिळनाडूतील कल्पाक्कम व कुडनकुलम समुद्रावर आहेत, ते याच कारणाने.

परवानगीच्या अटींत सोडलेले पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा पाच अंशांहून अधिक गरम नसावे असे बंधन आहे. प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाते की बोगद्यांतून दूर खोल पाण्यात ते सोडले की थोड्याच अंतरात उष्णता विरून जाते. तारापूरचे केंद्र १९६९ पासून समुद्रात कोमट पाणी सोडत आहे आणि त्या किनाऱ्यावरची मासेमारी बंद पडलेली नाही, असा दाखलाही दिला जातो. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या प्रत्येकी १६० मेगावॅटवर चालवलेल्या, नंतरच्या दोन प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. चारही मिळून १,४०० मेगावॅट. जैतापूरची एकच भट्टी त्याहून मोठी आहे. लहान चुलीवरून मोठ्या भट्टीचा अंदाज बांधता येत नाही, हे आपल्या कारागीर बांधवांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

शिवाय प्रश्न केवळ गरम पाण्याचा नाही. पाणी आत खेचले जाते तेव्हा जाळीतून बारीक अंडी आणि पिल्ले आत जातात. नळांत शिंपले व कालवे धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. (उलट समुद्रही कधी कधी सूड घेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलिन केंद्रात जेलीफिशचे थवे पाण्याच्या गाळणीत अडकले आणि चार भट्ट्या आपोआप बंद झाल्या.) आणि सर्वांत रोखठोक गोष्ट म्हणजे बंदोबस्त. असे केंद्र उभे राहिले की त्याच्या समोरच्या समुद्रात होडी नेण्यावर सुरक्षेच्या नावाखाली बंधने येतात. मोठा ट्रॉलर वळसा घालून खोल समुद्रात जाईल. खाडीच्या तोंडाशी जाळे टाकणारा लहान होडीवाला आणि ओहोटीला कालवे-मुळे काढणाऱ्या बायका कोठे जाणार?

मासळीच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चालू केंद्राभोवतीच्या मासळीची तपासणी होत असते आणि नेहमीच्या कामात तीत धोकादायक काही सापडावे असे नाही. पण मासळीचा भाव गिऱ्हाइकाच्या मनावर असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाचे शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. ते पाणी आंतरराष्ट्रीय तपासणीतून गेले होते. तरी त्याच दिवशी चीनने जपानची सारी मासळी बंद केली. अपघात २०११ चा, आणि बाजार बंद झाला बारा वर्षांनी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कोळंबी आणि म्हाकूल परदेशात जाते, म्हणून ही गोष्ट येथे सांगितली.

वेळापत्रकाचा हिशेब

आता दलालाच्या 'लवकरच' या शब्दाकडे येऊ. जैतापूरला ज्या जातीची भट्टी बसवायची आहे तिला ईपीआर म्हणतात. ती जगात कोठे कोठे बांधली गेली आणि किती काळ लागला, हे आता कागदावर आहे. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो येथे २००५ साली काम सुरू झाले. २००९ मध्ये वीज मिळणार होती, ती नियमित मिळू लागली एप्रिल २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामाव्हील येथे २००७ च्या डिसेंबरात काँक्रीट पडले. २०१२ चा वायदा होता आणि वीज जाळ्यात आली २१ डिसेंबर २०२४ रोजी. खर्च सुरुवातीला ३.३ अब्ज युरो धरला होता, तो १३ अब्जांच्या वर गेला. चीनने ताइशान येथे दोन भट्ट्या सुमारे नऊ वर्षांत पुऱ्या केल्या, हा त्यातल्या त्यात बरा अनुभव. म्हणजे उद्या सकाळी माडबनला पाया खोदला तरी पहिली वीज मिळायला दहा वर्षे धरून चालावे.

अणुवीज प्रकल्प नेहमीच रखडतात असेही नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या आपल्याच देशातल्या आराखड्याच्या. त्यांचे काम २००० साली सुरू झाले आणि २००५ व २००६ मध्ये त्या चालू झाल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे मात्र उठली. कुडनकुलमचा करार रशियाशी १९८८ साली झाला, काम सुरू झाले २००२ मध्ये, आणि पहिली भट्टी व्यापारी तत्त्वावर चालू झाली २०१४ च्या अखेरच्या दिवशी. मध्ये २०११-१२ मध्ये आंदोलनामुळे काम कित्येक महिने ठप्प होते. त्या महिन्यांत मजुरांना उधारीवर वाणसामान देणाऱ्या दुकानदारांचे काय झाले असेल, याचा विचार व्यापाऱ्याने करावा. सरकार आणि कंपनी वीस वर्षे थांबू शकतात. भावाच्या आखाती कमाईवर घेतलेला गाळा वीस वर्षे थांबू शकत नाही.

राजापूर तालुक्याला याचा दुसरा अनुभवही आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची घोषणा झाली, जमिनींचे व्यवहार तापले, आणि मार्च २०१९ मध्ये सरकारने अधिसूचनाच रद्द केली. नंतर तोच विषय बारसूला गेला. मधल्या काळात चढ्या भावाने जागा घेऊन बसलेल्यांना विचारायला कोणी आले नाही.

समजा काम सुरू झालेच, तर गाळ्यापुढे गर्दी होईल का? काही वर्षे होईल. दोन भट्ट्यांच्या बांधकामाच्या काळात सुमारे २५ हजार लोकांना काम मिळेल आणि नंतर कायमच्या नोकऱ्या सुमारे २,७०० राहतील, असा खुद्द ईडीएफचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावावेत. बांधकामाच्या काळात खाणावळ, कपडे, चपला, मोबाइल, खोलीचे भाडे, जीप-टेम्पो, पाण्याचे टँकर, खडी, चिरे, वेल्डिंग या सगळ्याला मागणी येते. बांधकाम संपले की दहांतले नऊ लोक निघून जातात. उरलेले अधिकारी व कर्मचारी वसाहतीत राहतात, आणि अशा वसाहतीला स्वतःची दुकाने, शाळा व दवाखाना असतो. बोईसरचा बाजार वाढला हे खरे, पण तो एमआयडीसी आणि रेल्वे यांच्यामुळे जितका वाढला तितका अणुकेंद्रामुळे नाही. माडबनच्या सड्यावर या दोन्ही गोष्टी नाहीत.

कोळशाच्या केंद्राशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. तेथे वर्षाला लाखो टन कोळसा येतो, राख बाहेर जाते. त्यामागे गोदी, वॅगन, ट्रक, गॅरेज, टायर पंक्चरवाला, चहावाला, आणि राखेच्या विटा पाडणारा असा धंद्याचा मोठा संसार उभा राहतो. धूर आणि राख ही त्याची किंमत, ती वेगळी गोष्ट. अणुभट्टीला वर्षाचे इंधन काही दहा टनांत पुरते. ते बंदोबस्तात येते आणि बंदोबस्तातच जाते. त्यामागे गॅरेजसुद्धा चालत नाही.

आणखी एक नियम गाळा घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे भट्टीभोवती किमान एक किलोमीटरच्या पट्ट्यात वस्ती चालत नाही. पाच किलोमीटरपर्यंत गावाची नैसर्गिक वाढ चालते, पण लोकसंख्या एकदम वाढेल असे उद्योग व वसाहती आणायला बंधन आहे. सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीत लोकांना हलवण्याची योजना तयार ठेवावी लागते. प्रकल्पाच्या दाराशी शहर वसेल आणि आपल्या गाळ्याला सोन्याचा भाव येईल, ही कल्पना या नियमांत बसत नाही. घ्यायचाच असेल तर गाळा प्रकल्पाच्या जवळ असण्यापेक्षा महामार्गाच्या जवळ असावा.

कंत्राट कोणाला, पैसे कधी

आपले अनेक कारागीर बांधव फॅब्रिकेशन, लेथ, प्लंबिंग, वायरिंग, फर्निचर यांत आहेत. त्यांना वाटते की एवढा मोठा प्रकल्प, थोडे काम आपल्यालाही मिळेल. मिळू शकते, पण वाट सरळ नाही. भट्टीच्या मुख्य भागांना लागणारा दर्जा असा असतो की प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढून तपासले जाते आणि लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याचा दाखला लागतो. ते काम देशातल्या मोजक्या मोठ्या कारखान्यांकडेच जाणार. आपल्यासारख्यांना मिळते ते कुंपण, शेड, मचाण, कार्यालयाचे फर्निचर, रंगकाम, दुरुस्ती. तेही बहुधा मोठ्या कंत्राटदाराचा उपकंत्राटदार, त्याचाही मुकादम, अशा तिसऱ्या-चौथ्या हातून. जितके हात अधिक, तितका भाव कमी आणि पैसे उशिरा.

येथे कायद्याचा थोडा आधार आहे, पण तो अनेकांना माहीत नसतो. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. २०१८ पासून हा हिस्सा २५ टक्के आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लघु उद्योगाला निविदेची फी आणि अनामत रक्कम माफ असते. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी असल्याने तिच्या आजच्या चालू केंद्रांच्या खरेदीलाही हे लागू आहे. म्हणजे ज्याला या क्षेत्रात शिरायचे आहे त्याने जैतापूरची वाट न पाहता आजच नोंदणी करून तारापूरच्या लहान निविदांवर हात बसवावा. मालाचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास चक्रवाढ व्याजासह मागण्याचा आणि जिल्ह्याऐवजी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. पण सावध! हा अधिकार माल तयार करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. केवळ माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होते, मात्र तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरताच. सिमेंट-पत्रे उधारीवर पुरवणाऱ्या आपल्या दुकानदाराला ४५ दिवसांचे संरक्षण नाही. त्याने उपकंत्राटदाराला माल देताना मुख्य कंत्राटदाराची लेखी हमी घेतल्याशिवाय मोठी उधारी ठेवू नये.

समुद्राचा सातबारा

आम्हाला जे सर्वांत अधिक टोचते ते आता सांगतो. जैतापूरचा मोबदला हेक्टरवर मोजला गेला. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला पैसे. साखरीनाट्याच्या तांडेलाला सातबारा नाही. बर्फवाल्याला नाही, जाळे भरणाऱ्याला नाही, होडीच्या सुताराला नाही, मासळी सुकवून विकणाऱ्या बाईला नाही. त्यांची शेती पाण्यावर आहे आणि पाण्याचा उतारा तलाठ्याकडे मिळत नाही. धोका ज्याच्या धंद्याला सर्वांत अधिक, त्याचे नाव मोबदल्याच्या यादीत सर्वांत शेवटी किंवा नाहीच, असा हा प्रकार आहे.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात मात्र एक महत्त्वाची सुधारणा झाली. त्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत जमीन नसलेलेही आले. बाधित क्षेत्रात संपादनाच्या आधी तीन वर्षे काम करणारे कारागीर, आणि ज्यांची मुख्य रोजी तीन वर्षे जलाशयावर आहे असे मच्छीमार व होडीवाले, हे त्यात नावाने लिहिलेले आहेत. माडबनची जमीन जुन्या कायद्याखाली आधीच गेली, तेव्हा त्या व्यवहाराला हे मागे जाऊन लागू होणार नाही. पण पुढे रस्ता, वसाहत किंवा अन्य कामासाठी नवी जमीन घेतली गेली, तर हा प्रश्न येणार. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोठल्याही प्रकल्पातही येणार. तेव्हा विचारले जाईल ते एकच : तीन वर्षे हा धंदा करत होता याचा कागद काय?

आपले बांधव येथे कमी पडतात. होडी चुलत्याच्या नावावर, परवाना वडिलांच्या नावावर, धंदा मुलगा करतो आणि विक्री रोखीत. असे असेल तर कायद्यात नाव असूनही हाती काही लागत नाही. म्हणून होडीची नोंदणी व मासेमारीचा परवाना जो धंदा करतो त्याच्या नावावर करून घ्यावा. मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व चालू ठेवावे, डिझेलच्या पावत्या आणि लिलावाच्या पट्ट्या फेकू नयेत. जाळे भरणारे, सुतार, इंजिन दुरुस्त करणारे यांनी साधे बिलबुक छापून प्रत्येक कामाची पावती फाडावी आणि पैसे शक्य तितके खात्यात घ्यावेत. बायकांच्या सुक्या मासळीच्या धंद्याचीही उद्यम नोंदणी होऊ शकते, ती फुकट आहे. हे करायला प्रकल्प यावा लागत नाही. बँकेच्या दारातही हेच कागद मागतात.

जाता जाता विम्याविषयी. दुकानाचा आगीचा विमा अनेकांनी घेतलेला असतो. तो कागद घरी काढून वाचावा. अणुइंधन किंवा किरणोत्सर्गामुळे झालेले नुकसान वगळले आहे, असे कलम त्यात बारीक अक्षरांत असते. म्हणजे अणुकेंद्राच्या शेजारच्या दुकानदाराला त्या धोक्यापासून विमा कंपनी काही देणार नाही. भरपाई मिळाली तर अणुदायित्वाच्या कायद्याखालीच. २०१० च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत होती. आंबा, काजू, मासळी, घरेदारे आणि दुकाने धरली तर एका जिल्ह्याचा हिशेबही त्यात बसेल का, याचा अंदाज वाचकांनी स्वतः करावा.

आता पत्रलेखक बांधवांचे उत्तर. सोने मोडू नये. गाळे विकत घेण्याऐवजी, गरज वाटली तर, एक गाळा अकरा महिन्यांच्या लेखी करारावर भाड्याने घेऊन पाहावा. काम सुरू झाल्यावर भाडे वाढेल हे मान्य, पण ते वाढलेले भाडे वाढलेल्या विक्रीतून जाईल. भावाची रक्कम आज जो धंदा चालतो त्यात, म्हणजे होडीच्या सामानात, घालण्यास जागा आहे का ते आधी तपासावे. साखरीनाट्याच्या होड्या आज समुद्रात जात आहेत आणि त्यांना दोर आजच लागतो. तरीही गाळे घ्यायचेच ठरले, तर जागा बिगरशेती झालेली आहे का, सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे आहेत का आणि मुंबईत किंवा आखातात बसलेल्या हिस्सेदारांची संमती नोंदलेली आहे का, हे वकिलाकडून पाहून मगच बयाणा द्यावा. दलालाच्या मुखत्यारपत्रावर विसंबू नये.

त्यांच्या पत्रात गाळ्यांचा सर्व्हे नंबर दिलेला नाही. तो कळवल्यास ती जागा माडबनपासून किती अंतरावर आणि कोणत्या पट्ट्यात येते, ते पाहून आम्ही पुढच्या अंकात लिहू.